मुक्त प्रवेश आणि अभ्यासाचा दर्जा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• मुक्त शिक्षणात मोकळीक कोठे असते आणि कोठे नसते, हे स्पष्ट करणे.
• विधान आणि आधार यांच्या संबंधातून ‘शैक्षणिक दर्जा’ ही संकल्पना समजावून देणे.
• एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या दर्जाच्या उत्तरांची तुलना करणे.
• दुसऱ्याच्या लेखनाचा प्रामाणिकपणे वापर कसा करावा, हे सांगणे.
• स्वतःचा स्वाध्याय पाठविण्यापूर्वी त्याची तपासणी करणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत काम करीत असेल, कोणी एस.टी.च्या आगारात, तर कोणी शेती आणि घर सांभाळून हे पुस्तक हाती घेत असेल. काहींचे शिक्षण पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुटलेले असेल. अशा विद्यार्थ्याला एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : “मुक्त विद्यापीठ ना? मग पास होणारच.” हे वाक्य बोलणाऱ्याला त्यातला अपमान जाणवतोच असे नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो जाणवतो.

कायद्याच्या दृष्टीने या वाक्याला उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेकडून दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी ही नियमित महाविद्यालयातून मिळविलेल्या पदवीशी समकक्ष असते. परंतु समकक्षता कागदावर मिळाली म्हणून ती ज्ञानात आपोआप येत नाही. मुलाखतीत, स्पर्धा परीक्षेत किंवा वर्गात शिकवायला उभे राहिल्यावर पदवी पेटीत असते आणि आपण एकटे समोर असतो. त्या क्षणी उपयोगी पडते ते आपण खरोखर केलेले काम. म्हणून दर्जाचा प्रश्न हा विद्यापीठाच्या कार्यालयाइतकाच तुमचाही प्रश्न आहे. मराठीच्या अभ्यासाच्या संदर्भात तो कसा समजून घ्यावा, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

२. ‘मुक्त’ या शब्दाची मर्यादा

महाविद्यालयात न बसता पदवी मिळविण्याची कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कोठेही अभ्यास केलेल्या व्यक्तीला आपल्या परीक्षेस बसण्याची मुभा दिली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेही लंडन विद्यापीठाच्याच नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ती रचना होती. या दोन्ही व्यवस्थांमागे एक साधे तत्त्व होते. विद्यार्थी कोठे शिकला, यापेक्षा त्याला काय येते हे महत्त्वाचे, आणि ते पाहण्याचे माप सर्वांना सारखे असावे.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाची कल्पना पुढे आली. सरकारने १९६६ मध्ये त्याविषयी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. तत्कालीन मंत्री जेनी ली यांनी या योजनेचा पाठपुरावा करताना एका मुद्द्यावर तडजोड केली नाही : हे दुय्यम प्रतीचे विद्यापीठ होणार नाही. १९६९ मध्ये त्यास सनद मिळाली आणि १९७१ मध्ये प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या पात्रतेची अट नव्हती. मात्र परीक्षेच्या कामात अन्य विद्यापीठांतील बाह्य परीक्षकांचा सहभाग होता. दार मोकळे ठेवायचे आणि माप कायम ठेवायचे, असा त्याचा अर्थ.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या सर्व व्यवस्थांनी विद्यार्थ्याला चार बाबतींत मोकळीक दिली : वय, स्थळ, अभ्यासाची वेळ आणि शिक्षणाची गती. पाचवी मोकळीक, म्हणजे कमी शिकून तीच पदवी घेण्याची मोकळीक, या यादीत नाही. ती कोणी देऊ केली, तर तो विद्यार्थ्यावर उपकार ठरत नाही. त्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) मुक्त शिक्षण कोणत्या चार बाबतींत मोकळीक देते?
(आ) लंडन विद्यापीठाच्या १८५८ च्या व्यवस्थेमागील तत्त्व एका वाक्यात लिहा.

३. दर्जा म्हणजे काय?

दर्जा हा शब्द ऐकला की इमारत, ग्रंथालय, प्राध्यापकांची संख्या, मूल्यांकनाची श्रेणी अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या आवश्यक आहेत. संस्थांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली, ती याच गरजेतून. परंतु या गोष्टी दर्जासाठी लागणारी परिस्थिती सांगतात. प्रत्यक्ष दर्जा दिसतो तो अभ्यासकाने लिहिलेल्या पानावर. त्याची सोपी व्याख्या अशी करता येईल : केलेले प्रत्येक महत्त्वाचे विधान कशाच्या आधारावर केले आहे, हे वाचकाला दिसावे आणि तो आधार त्याला तपासता यावा.

ही व्याख्या पुस्तकी नाही. महाराष्ट्रातील ज्ञानपरंपरेत तिची उत्तम उदाहरणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, जुनी दप्तरे धुंडाळून त्यांनी मूळ पत्रे मिळविली आणि ती छापली. त्यांच्या प्रस्तावनांतील सर्वच मते पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारली असे नाही. काहींवर कठोर टीका झाली. परंतु ती टीका करता आली, कारण मूळ साधने वाचकांसमोर होती. आपले मत खोडून काढण्याची सामग्रीही वाचकाच्या हाती देणे, ही अभ्यासाच्या उच्च दर्जाची खूण आहे. हे काम करणारे राजवाडे विद्यापीठातील कोणत्याही पदावर नव्हते, हेही दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. तेथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. वि. स. सुखटणकर हे १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत, या कामाचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहा. वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली, बारीक अक्षरांत, वेगवेगळ्या हस्तलिखितांतील पाठभेद आहेत. संपादक जणू सांगतो : “मी हा शब्द निवडला. मी नाकारलेले शब्द हे येथे आहेत. तुम्हाला पटत नसेल तर पाहा.” पानाचा वरचा भाग म्हणजे विधान, खालचा भाग म्हणजे आधार. तुमच्या स्वाध्यायाच्या पानावर रेघ मारून असे दोन भाग करावयाचे नाहीत. परंतु तो खालचा भाग तुमच्या मनात आणि वहीत तयार असला पाहिजे.

४. एक प्रश्न, तीन उत्तरे

आता हे तत्त्व आपल्या अभ्यासक्रमातील एका प्रश्नाला लावून पाहू. प्रश्न असा आहे : “बोलीला अशुद्ध भाषा म्हणणे कितपत योग्य आहे? सोदाहरण चर्चा करा.” पुढील तिन्ही उत्तरे नमुन्यादाखल तयार केली आहेत. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला ती ओळखीची वाटतील.

उत्तर पहिले : “बोली हा भाषेचा अत्यंत महत्त्वाचा घटक आहे. भाषा हा समाजाचा आरसा आहे. समाजजीवनात बोलीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. अनेक थोर विचारवंतांनी बोलीविषयी बहुमोल विचार मांडले आहेत. अशा प्रकारे बोलीला अशुद्ध म्हणणे योग्य नाही.”

या उत्तरात एकही चुकीचे वाक्य नाही, तरीही ते उत्तर नाही. त्यासाठी एक साधी कसोटी वापरा. ‘बोली’ या शब्दाच्या जागी ‘लोकगीत’ किंवा ‘म्हण’ हा शब्द ठेवून पाहा. पहिली चार वाक्ये जवळजवळ तशीच टिकतात. जे वाक्य कोणत्याही विषयाला चालते, ते या विषयाबद्दल काहीच सांगत नाही. थोर विचारवंत कोण आणि त्यांचे विचार कोणते, हेही येथे लिहिलेले नाही. बाजारातील मार्गदर्शकांमुळे अशी वाक्ये पाठ होतात आणि परीक्षेत पान भरण्याच्या कामी येतात.

उत्तर दुसरे : “बोलीला अशुद्ध म्हणणे चुकीचे आहे. प्रत्येक बोलीला स्वतःचे नियम असतात. प्रमाणभाषा हीदेखील मुळात एक बोलीच होय. शिक्षण, प्रशासन आणि छपाई यांमुळे तिला प्रतिष्ठा मिळाली. म्हणून प्रमाणभाषा श्रेष्ठ आणि बोली कनिष्ठ असे म्हणता येत नाही.”

हे उत्तर पहिल्यापेक्षा निश्चितच चांगले आहे. यात भाषाविज्ञानातील स्वीकृत विचार आहे आणि युक्तिवादाला क्रम आहे. उणीव आहे ती दुसऱ्या वाक्यात. बोलीला नियम असतात, हे विद्यार्थ्याने सांगितले, पण एकही नियम दाखविला नाही. प्रश्नात ‘सोदाहरण’ असा शब्द आहे. वाचकाने हे विधान विश्वासावर स्वीकारावे, अशी येथे अपेक्षा आहे.

उत्तर तिसरे : “आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात. प्रमाण मराठीतील ‘मला, तुला, त्याला, घराला’ या रूपांच्या जागी वऱ्हाडीत ‘मले, तुले, त्याले, घराले’ अशी रूपे येतात. म्हणजे जेथे प्रमाण मराठीत ‘ला’ हा प्रत्यय लागतो, तेथे वऱ्हाडीत ‘ले’ लागतो. हा बदल एखाद्या शब्दापुरता नाही. तो सर्वनामांत आणि नामांत सारखाच आढळतो. ‘घराले’ या रूपात प्रत्ययापूर्वी ‘घर’चे ‘घरा’ असे सामान्यरूपही होते, जसे ते प्रमाण मराठीत होते. चूक अशी नियमाने होत नाही. त्यामुळे ‘मले’ हे ‘मला’चे बिघडलेले रूप न मानता वेगळ्या नियमाने घडलेले रूप मानावे लागते. ही उदाहरणे मी आजीच्या आणि शेजारच्या दोघांच्या बोलण्यातून घेतली आहेत. शहरात नोकरी करणारा माझा भाऊ दोन्ही रूपे वापरतो, पण कोणाशी बोलताना कोणते रूप वापरतो, हे मी अजून पाहिलेले नाही.”

हे उत्तर लांबीने मोठे आहे, पण त्याची भाषा सर्वांत साधी आहे. मग त्याचा दर्जा वरचा का? त्याची कारणे चार आहेत. पहिले, येथे उदाहरणे आहेत आणि ती एकाहून अधिक आहेत. एका शब्दावरून नियम सिद्ध होत नाही. दुसरे, उदाहरणांपासून निष्कर्षापर्यंतची पायरी लिहून दाखविली आहे. तिसरे, आधार कोठून मिळाला हे सांगितले आहे. चौथे, आपल्या निरीक्षणाची मर्यादा मान्य केली आहे. शेवटचे वाक्य लिहिल्याने आपले गुण कमी होतील, अशी विद्यार्थ्याला भीती वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्यामुळे परीक्षकाचा विद्यार्थ्यावरील विश्वास वाढतो.

या उत्तराला आणखी एक पायरी जोडता येईल. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘मला’ या अर्थाने ‘मातें’ असे रूप येते. ‘तें’ हा प्रत्यय आजच्या प्रमाण मराठीत उरलेला नाही, पण म्हणून ज्ञानेश्वरीची भाषा कोणी अशुद्ध म्हणत नाही. मालवणीत याच अर्थाने ‘माका’ म्हणतात. म्हणजे एका अर्थासाठी मराठीच्या वेगवेगळ्या काळांत आणि प्रदेशांत वेगवेगळे प्रत्यय वापरले गेले. शुद्ध-अशुद्धतेचा शिक्का रूपावर नसतो. तो समाजाने मारलेला असतो.

येथे शुद्धलेखनाविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. स्वाध्याय प्रमाण मराठीत लिहावा, ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे, हे योग्यच आहे. परंतु निर्दोष लेखन म्हणजे उच्च दर्जा नव्हे. पहिल्या उत्तरात लेखनाची एकही चूक नाही. तिसऱ्यात दोन-चार चुका असत्या, तरी तेच उत्तर वरचढ ठरले असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘शब्द बदलून पाहण्याची’ कसोटी कशासाठी वापरावी?
(आ) दुसऱ्या उत्तरातील कोणते विधान आधाराविना राहिले आहे?

५. उसने लेखन

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला वेळ कमी असतो आणि तयार मजकूर सहज मिळतो. मार्गदर्शक पुस्तके आहेत, आधीच्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय आहेत, आणि आता क्षणात निबंध लिहून देणारी संगणकीय साधनेही आहेत. या मजकुराचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकासमोर येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास त्यात दंड सांगितलेला नाही. पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठ टक्क्यांहून अधिक असे तीन स्तर केले आहेत. पहिल्या स्तरावर सुधारित लेखन पुन्हा सादर करावे लागते, तर शेवटच्या स्तरावर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत आणि श्रेय देऊन घेतलेला मजकूर या मोजणीत धरला जात नाही.

तथापि टक्केवारी ही यंत्राची मोजणी आहे. आपल्याला विषय समजला की नाही, हे यंत्राला कळत नाही. कोणाचाही एक शब्द न उचलता एखादा विद्यार्थी पहिल्यासारखे पोकळ उत्तर लिहू शकतो. उलट, इतरांची तीन मते श्रेयासह मांडून, त्यांची तुलना करून, चौथे मत स्वतः मांडणारा विद्यार्थी उत्तम काम करतो. दुसऱ्याचे विचार घेणे हा दोष नाही. किंबहुना त्याशिवाय अभ्यासच होत नाही. दोष आहे तो सीमारेषा पुसण्यात. दुसऱ्याचे विधान कोठे संपले आणि आपले कोठे सुरू झाले, हे वाचकाला दिसले पाहिजे. “अमुक लेखकाच्या मते”, “या मताशी मी सहमत आहे, कारण”, “परंतु आमच्या भागातील उदाहरण याहून वेगळे आहे”, असे साधे शब्दप्रयोग ही सीमारेषा आखून देतात.

उसन्या स्वाध्यायाचा खरा तोटा शिक्षेपेक्षा मोठा आहे. स्वाध्याय लिहिताना आपल्याला काय येत नाही ते कळते. नकल करणाऱ्याला ते थेट परीक्षेत किंवा नोकरीवर कळते, आणि तेव्हा विचारायला कोणी नसते.

६. अध्यापकाची जबाबदारी

दर्जा सांभाळण्याचे ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नाही. अध्यापकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा करण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

पहिली, प्रश्न असा असावा की पाठ केलेल्या मजकुराने त्याचे उत्तर पूर्ण होऊ नये. ‘बोलीची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला मार्गदर्शक पुरते. ‘आपल्या परिसरातील बोलीतील पाच वाक्ये नोंदवून त्यांतील एक वैशिष्ट्य स्पष्ट करा’ या प्रश्नाला ते पुरत नाही.

दुसरी, गुणांबरोबर कारण मिळावे. स्वाध्यायावर ‘ठीक’ किंवा ‘अधिक सविस्तर लिहा’ एवढाच शेरा असेल, तर पुढच्या वेळी काय बदलायचे ते कळत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातील विधानाला उदाहरण दिलेले नाही’ असा शेरा उपयोगाचा असतो. असा शेरा नसेल, तर संपर्कसत्रात आपला स्वाध्याय घेऊन जा आणि कारण विचारा. हे उद्धटपणाचे नाही, विद्यार्थ्याचे कर्तव्यच आहे.

तिसरी अपेक्षा कठीण आहे. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा पेपर हाती आला की पाच-दहा गुण वाढवून द्यावेत, असे अध्यापकाला वाटते. ही सहानुभूती खरी असते, पण चुकीच्या जागी वापरलेली असते. स्वाध्यायाची मुदत वाढवून द्यावी, पुन्हा लिहिण्याची संधी द्यावी, संपर्कसत्र सुटीच्या दिवशी ठेवावे, दूरध्वनीवर शंका सोडवाव्यात. या सवलती विद्यार्थ्याला शिकण्याजवळ नेतात. गुणांची सवलत त्याला शिकण्यापासून दूर ठेवते आणि तो जवळ पोहोचला आहे, असे त्याला खोटेच सांगते. सवलत वेळेत द्यावी, मापात देऊ नये. ज्याने खरोखर साठ गुणांचे काम केले, त्याचे साठ गुण खरे राहावेत यासाठीही हे आवश्यक आहे.

७. वेळेचे नियोजन

दूरशिक्षणात एका श्रेयांकासाठी तीस तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. त्यात वाचन, संपर्कसत्र, स्वाध्याय या सर्वांचा समावेश होतो. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास १२० तास लागतात. वीस आठवड्यांत त्यांची विभागणी केल्यास आठवड्याला सहा तास होतात. परीक्षेपूर्वीच्या आठ दिवसांत १२० तास बसविता येत नाहीत, हे गणितच सांगते. म्हणून आठवड्याचे सहा तास ठरवा. त्यांपैकी चार तास वाचनाला आणि दोन तास लेखनाला द्या. वाचन थकलेल्या अवस्थेतही थोडे होते. लेखनासाठी मात्र डोके ताजे लागते, म्हणून त्यासाठी पहाटेची किंवा सुटीच्या दिवशीची वेळ राखून ठेवा.

वाचताना एक वही जवळ असू द्या. पानाच्या डाव्या बाजूला लेखकाचे विधान आणि उजव्या बाजूला त्याने दिलेला आधार लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली तर तेथे प्रश्नचिन्ह करा. काही महिन्यांत ही सवय तुमच्या स्वतःच्या लेखनातही उतरेल.

८. सारांश

मुक्त शिक्षण वय, स्थळ, वेळ आणि गती यांबाबत मोकळीक देते, पदवीच्या मापाबाबत देत नाही. दर्जा म्हणजे विधान आणि आधार यांतील तपासता येण्याजोगा संबंध. राजवाडे यांची साधने आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही त्याची उदाहरणे होत. चांगल्या उत्तरात उदाहरणे, निष्कर्षाची पायरी, आधाराचा उगम आणि मर्यादेची जाणीव या चार गोष्टी असतात. दुसऱ्याचे विचार घेताना सीमारेषा स्पष्ट ठेवावी. अध्यापकाने वेळेची सवलत द्यावी, गुणांची देऊ नये. “पास होणारच” या वाक्याला वादाने उत्तर देण्याची गरज नाही. तुमच्या स्वाध्यायाचे एक चांगले पान हे त्याला पुरेसे उत्तर आहे.

९. पारिभाषिक शब्द

आधार : विधान खरे मानण्यासाठी दिलेले उदाहरण, साधन किंवा कारण.
पाठभेद : एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत आढळणारी शब्दांची भिन्नता.
सामान्यरूप : प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल. उदा. घर – घरा.
श्रेयांक : अभ्यासाच्या अपेक्षित तासांवरून ठरविलेले अभ्यासक्रमाचे एकक.

१०. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वय, स्थळ, अभ्यासाची वेळ आणि शिक्षणाची गती. (आ) विद्यार्थी कोठे शिकला यापेक्षा त्याला काय येते हे महत्त्वाचे, आणि त्याचे माप सर्वांना सारखे असावे.
२. (अ) वाक्य विषयाबद्दल खरोखर काही सांगते की कोणत्याही विषयाला लागू पडते, हे तपासण्यासाठी. (आ) ‘प्रत्येक बोलीला स्वतःचे नियम असतात’ हे विधान.

११. उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारातील एका वयस्क व्यक्तीशी, तिची संमती घेऊन, अर्धा तास गप्पा मारा. प्रमाण मराठीपेक्षा वेगळी वाटणारी दहा रूपे जशीच्या तशी नोंदवा. प्रत्येक रूपापुढे ते ज्या वाक्यात आले ते वाक्य लिहा. त्यांतून एखादा नियम दिसतो का, ते पाहा. दिसला तर तो एका परिच्छेदात मांडा. नियमात न बसणारे रूप आढळले तर ते वगळू नका, शेवटी वेगळे नोंदवा आणि पुढील संपर्कसत्रात त्यावर चर्चा करा.